तुलनेचं गाव

वाडीकर सरांस्नी देवमाणूस म्हणणारी लई माणसं हायत कोल्हापुरात. म्हणू द्या. पण माझ्या म्होरं कुणी म्हटलं की माझं डोस्कं फिरतं, एवढंच सांगतो. मी आकाराम, हरणेवाडीचा. पंचायतीचा मेंबर हुतो दोन खेपा. ह्या माणसाला म्या पंधरा-सतरा वर्सं जवळनं बघितलंय. 'सर' म्हणतो ती तोंडाची सवय हाय, मान न्हवं.

मूळचं नृसिंहवाडीचं. नाव त्र्यंबक. बाप दत्ताच्या देवळात सेवंला, घरात खायला जेमतेम. पोरगं हुशार निघालं. कोल्हापुरात यून ह्येच्या-तेच्या घरात वार लावून जेवलं, बी.ए. झालं, एम.ए. झालं, आन् मग एका संशोधन संस्थेत चिकटलं. संस्थेचं नाव मी घेत न्हाय, उगंच कशाला. तितं काम काय, तर सरकार दवाखान्याची एकेक योजना काढतंय, ती कागदावर लई ग्वाड दिसती, आन् गावात यून मरती. ती का मरती ह्येचा अभ्यास करायचा. मला पैल्यांदा सांगितलं तवा मी हसलोच. म्हटलं, सर, ह्येला अभ्यास कशाला पायजे? आमच्या चावडीत तासभर बसा की. सर म्हणालं, "बसायलाच आलोय."

आन् बसलं की खरंच. सासष्ट-सदुसष्ट साल असंल. सायकलीवर यायचं, विजारीला क्लिप लावल्याली, खांद्याला पिशवी. भाकरी-खरड्याला नाक मुरडलं न्हाय कवा. कुणाच्या बी दारात बसायचं आन् इचारायचं, पोरं किती झाली, किती राहिली, गेलेली कशानं गेली. आमच्यात ह्ये कोण इचारतंय? गेलं ते गेलं. माझी बायको बाळाबाई, हौसाच्या आदी तिची दोन गेल्ती. दोन्ही येकाच तऱ्हंनं. पाचवी झाली की अंगावर प्यायची बंद व्हायची, दातखीळ बसायची, अंग धनुष्यावानी वाकायचं. बाळाबाई सांगता सांगता रडाय लागली, तवा सरांनी पेन खिशात घातलं. त्या दिशी मला माणूस आवडला. खोटं कशाला बोलू?

जाताना मला म्हणालं, "आकाराम, ही मुलं मरायची काही गरज नाही. आईला पोटुशी असताना दोन सुया दिल्या आणि नाळ उकळलेल्या ब्लेडनं कापली, तर हा धनुर्वात होतच नाही."

"मग द्या की सुया," मी म्हटलं.

"देऊ. पण आधी सिद्ध करावं लागेल."

त्या 'सिद्ध करावं लागेल'नं माझ्या घरात काय केलं ते आता ऐका.

बाहात्तर सालच्या सुमाराला सरांस्नी दिल्लीची योजना मिळाली. सर मोठं झालं. सायकल गेली, जीप आली. आमची हरणेवाडी आन् ओढ्यापल्याडची चिंचोरी, दोन्ही गावांची माणसं सरांनी चावडीत बोलावली आन् समजावून सांगितलं. म्हणालं, ही दोन गावं अगदी सारखी. जमीन येकच, पीक येकच, जातभाई येकच, माणसं बी तेवढीच. एका गावात चार वर्षं नर्स ठेवायची, तिनं सुया द्यायच्या, बाळंतपणं करायची. दुसऱ्या गावात काहीच करायचं न्हाय. शेवटाला दोन्ही गावं शेजारी शेजारी ठेवून बघायची. फरक दिसला की सरकारला म्हणायचं, घ्या, आता सगळ्या गावास्नी नर्स द्या.

नर्स चिंचोरीला गेली. आमी तुलनेचं गाव.

आमच्यातला ज्ञानू फटकळ. त्यो उठून म्हणला, "म्हंजे सर, तेंची जगल्याली मोजायची आन् आमची मेल्याली, असंच न्हवं?"

सर हसलं. "तसं नाही हो."

तसंच हुतं.

आन् ह्यातली खरी मेख सांगतो. एवढा शिकलेला माणूस, दोन गावं सारखी म्हणून निवडली तेनं. आरं बाबा, सारखी गावं म्हंजेच सोयरिकीची गावं! जमीन येक, जात येक, ओढा वलांडला की पावणं. चिंचोरीच्या निम्म्या सुना हरणेवाडीच्या लेकी, आन् आमच्या निम्म्या सुना चिंचोरीच्या. आन् पैलं बाळंतपण म्हायरात, ह्यो आपला रिवाज. म्हंजे आमची लेक चिंचोरीत नांदणार, तितं नर्स बघणार, नाव घालणार, आन् सातवा लागला की वटी भरून हिकडं येणार. हिकडं काय? हिकडं म्हातारी सुईण आन् विळा. तिकडच्या लेकी आमच्यातनं उठून नर्सच्या दारात जाणार. सगळा घोळ. ह्ये काय सरांस्नी ठावं नव्हतं? चांगलं ठावं हुतं. पण त्या वक्ताला तेंच्या डोस्क्यात सासर-म्हायर नव्हतं, फकस्त अ गाव आन् ब गाव हुतं.

माझी हौसा चिंचोरीत दिल्याली. सर लग्नाला आल्तं, जेवून गेल्तं. लग्नाला वर्स झालं आन् तिला दीस गेल्याचं कळलं. बाळाबाईला हरिख झाला, आन् मला घाम फुटला. माझी दोन गेल्याली म्या ह्या हातानं पुरल्यात. मी ठरवलं, हौसाच्या लेकराला त्या वाटंनं जाऊ द्यायचं न्हाय. ती हिकडं यायच्या आत हरणेवाडीत नर्स आणायची, मग काय वाट्टेल ते हू दे.

तवा मी मेंबर हुतो. कोल्हापूरच्या ऑफिसात चपला झिजवल्या. सायबांच्या पाया पडायचा तेवढा राहिलो. भांडलो बी. शेवटाला मंजुरी मिळाली. गावानं हुरूपानं शाळंमागची खोली साफ केली, चुना लावला, बाज आणून टाकली, बायकांनी दारात सडा घातला. नर्स सोमवारी येणार म्हणून सांगावा आल्ता.

सोमवार गेला. दुसरा गेला. कुणाचा पत्ता न्हाय.

मी ऑफिसात गेलो. तिथला कारकून माझ्याकडं बघंना. म्हटलं, आमची नर्स कुठं हाय? त्यो म्हणला, "पावणं, तुमची नर्स थांबवल्याली हाय. ते वाडीकर सर यून सायबास्नी भेटून गेलं. तुमच्या गावात आत्ता नर्स गेली तर सरकारचा सगळा अभ्यास वाया जाईल म्हणालं. अभ्यास संपला की देतील."

माझ्या पायाची आग मस्तकात गेली. तसाच उठलो आन् मंगळवार पेठंत सरांच्या घरात शिरलो. भर दुपारची येळ. सर जेवून सुपारी कातरत बसल्यालं. आतल्या सोप्यात तेंची लेक प्रमोदिनी पाय लांब करून बसल्याली, दिवस भरत आल्यालं, आन् सरांची बायको, माई, तिला ताट वाढालीती. माईंनी मला बघून पाणी आणलं. म्या तांब्याला हात लावला न्हाय.

"सर, आमची नर्स तुमी थांबवलीसा?"

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. टाळलं न्हाय, एवढं खरं. म्हणालं, "हो. मी थांबवली. बस, सांगतो."

"मी बसाय आलो न्हाय."

"ऐक, आकाराम. आज तुझ्या गावात नर्स आली तर दोन्ही गावं एकच होतील. मग मी सरकारला काय दाखवू? दाखवता आलं नाही तर योजना गुंडाळून टाकतील, असल्या कितीतरी गुंडाळल्यात. मग तुझ्याच काय, जिल्ह्यातल्या एकाही गावाला नर्स मिळणार नाही. थोडं थांब. एवढं वर्ष कळ काढ."

"आन् ह्या वर्सात जल्मणार ती?"

सरांनी अडकित्ता परत उचलला.

"माझी हौसा यायची हाय, सर. तुमी तिच्या लग्नात जेवलासा."

"मग तिला चिंचोरीतच राहू दे की. तिथं नर्स आहे, सुया आहेत, सगळं आहे. हे माहेरपणाचं खूळ आपणच सोडायला हवं."

मी सोप्याकडं बोट केलं. "तुमची लेक कुठं नांदती, सर?"

"पुण्याला."

"पुण्यात दवाखानं न्हाईत व्हय? मग ती हितं का आल्या?"

माईंच्या हातातला डाव तसाच राहिला. सर लालबुंद झालं. म्हणालं, "ते वेगळं आहे."

"काय येगळं हाय ते सांगा की!"

"आकाराम, तू आता जा," सर म्हणालं. आन् मी आलो. वाटंनं येकटाच शिव्या घालत आलो. सायकलवालं माझ्याकडं बघत हुतं.

तरी बी म्या तेंचं ऐकलं. म्हटलं, लेकरू जगायचं हाय तर कमीपणा घेऊ. चिंचोरीला जाऊन हौसाच्या सासूपाशी, धोंडुबाईपाशी, गोष्ट काढली. म्हटलं, अक्का, हौसाला हितंच ठेवा, दारात नर्स हाय. खर्च सगळा माझा. झालं! बाईनं अंगणात उभं राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असा कालवा केला. "पैलं बाळंतपण सासरात? आमच्या सात पिढ्यांत झालं न्हाय! लेकीला दोन घास घालायला जड झालं व्हय ओ तुमास्नी? तसं सांगा, मी घालतो! पण वटी भरून धाडणार म्हंजे धाडणार. लोकं माझ्या तोंडात शेण घालतील!" हौसा दाराआड उभी राहून रडालीती. सासऱ्यानं मला हात धरून बाहीर काढलं. म्हणला, पावणं, घरात भांडण लावू नगासा.

तिथली नर्स चिमणाबाई, तिला भेटलो. बाई चांगली. म्हणाली, "एक सुई दिल्या हौसाला. दुसरी म्हैन्यानं द्यायची. तवर ती तिकडं येणार. मला ओढ्यापल्याड पाऊल टाकू नको म्हणून सांगितलंय हो सरांनी. तुमी तिला बैलगाडीनं घिऊन या, मी देतो." म्या म्हटलं, आणतो.

हौसा जेठात आली. आन् आठवडा झाला न्हाय तवर पाऊस असा लागला की ओढा पात्राबाहीर. कोल्हापूरचा रस्ता बी त्याच ओढ्यावरनं. गाडी घालायची म्हणून मी दोनदा काठाला गेलो, बैलं पाण्यात पाय टाकंनात. पल्याड चिंचोरीची कौलं दिसत्यात, चिमणाबाईच्या खोलीवरची लाल फुली दिसती, आन् मी अल्याड. हरणेवाडीत चुना लावल्याली खोली रिकामी. तीत गावातली शेरडं बांधली हुती पावसाची.

ओढा तसाच भरल्याला, आन् श्रावणात पोरगा झाला. धडधाकट. बारीक रडला न्हाय, हंबरला. सुईणीनं नाळ कापली. म्या विळा चुलीवर तापवून दिल्ता, बाळाबाईनं कापड उकळून दिल्तं. सुईण म्हातारी, डोळ्याला कमी दिसायचं, तिनं वरनं शेण-राखेचा लेप दिला. तिची रीतच ती, मी दाराबाहीर, मला कुठलं कळतंय? पाचवी पुजली. सटवाईम्होरं कोरा कागद ठिवला, दौत ठिवली.

मग पोरानं तोंड लावायचं बंद केलं.

बाळाबाईला बघताक्षणी कळलं. ती बाहीर आली आन् भुईवर बसली. हौसा येडी झाली हुती, त्या पोराच्या जबड्यात बोट घालून तोंड उघडाय बघायची. दार वाजलं तरी पोराला झटका यायचा. सारं घर दम धरून बसल्यालं. जीव गेला तवा बाहीर पाऊस थांबल्याला, आन् ओढा उतराय लागल्याला. त्या ओढ्याला म्या घातल्याल्या शिव्या सांगत न्हाय.

पाणी उतरलं तशी सरांची जीप आली. साल संपल्याचं मोजाय. सर स्वता आल्तं. कुणी तरी तेंस्नी सांगितलं असणार, कारण माझ्या दारात आलं तवा चपला बाहीर काढून मान खाली घालून उभं राहिलं. "फार वाईट झालं, आकाराम," म्हणालं.

मी म्हटलं, "वाईट-बिईट राहू द्या. लिवा. तुलनेच्या गावात येक पोरगं मेलं म्हणून लिवा. तेवढ्यासाठीच ठेवलंय न्हवं आमास्नी?"

सर चुळबुळलं. म्हणालं, "तसं लिहिता येत नाही. हरणेवाडीत आम्ही या गावच्या सुना मोजतो. हौसाचं नाव चिंचोरीत आहे."

"मग चिंचोरीत लिवा."

"चिंचोरीत तिचं बाळंतपण झालं नाही. गावाबाहेर झालेली बाळंतपणं वगळायची, असं पहिल्यापासून ठरलंय. नाहीतर दोन्हीकडचं एकात एक मिसळतं."

मला उमगायला येळ लागला. म्हटलं, "म्हंजे त्यो कुठंच न्हाय?"

"अभ्यासात नाही."

"आन् बाकीच्या? म्हायराला येणाऱ्या साऱ्या पोरी? साऱ्यांची पैली पोरं?"

त्या माणसाला तवाच कळलं असणार. पैलं बाळंतपण म्हंजे लेकरू जायाचं सगळ्यात भ्या, आन् तीच सगळी तेंनी दोन्हीकडनं काढून टाकल्याली. तोंडावरनं सरळ दिसलं मला. पण बोललं काय? म्हणालं, "आता मधेच पद्धत बदलता येत नाही." जीपमदी बसलं आन् गेलं.

अभ्यास झाला झकास. योजनेनं लई जीव वाचवलं असं सिद्ध झालं. सर प्राध्यापक झालं, विभागाचं मुख्य झालं, दिल्लीला कमिट्यांवर गेलं, परदेशात भाषणं देऊन आलं. तेंच्या हाताखाली पोरं डॉक्टर झाली, सुईचं न्हवं, पुस्तकाचं. आन् जिल्ह्यात नर्सा आल्या. आल्या की, कोण न्हाय म्हणतंय? आमच्या त्या खोलीत बी आली, शेरडं बाहीर काढून पुन्यांदा चुना लावला. सर म्हणालं तसंच झालं सगळं. तेंचं खरं ठरलं म्हणून तर मला जास्त राग हाय. खोटा माणूस असता तर येकदा थुंकून मोकळा झालो असतो.

हौसाचं दुसरं बाळंतपण सासरात झालं, रिवाजापरमाणं. चिमणाबाईच्या हाताखाली. पोरगी झाली, बरी हाय.

चौऱ्याऐंशी साली सर रिटायर झालं. कोल्हापुरात मोठा सत्कार. चिंचोरीच्या बायकांनी सरांचं औक्षण करायचं ठरल्यालं, तेंच्यासाठी ट्रक धाडल्याला. हौसाचं नाव त्या बायकांत. मला कळलं तवा मी तडकलो. म्हटलं, तू त्या माणसाला ववाळणार? तर शांतपणी म्हणाली, "आबा, तुमी बी चला. पण तुमी गप बसायचं. काय बोलायचं असंल ते मी बोलतो." गेली कैक वर्सं ह्या पोरीनं त्या पोराचं नाव काढलं नव्हतं. मी गेलो.

सभागृह भरल्यालं. सर स्टेजवर, गळ्यात हार, केस पांढरं झाल्यालं. मला बघितलं तेंनी, आन् नजर हलवली. पाच बायका तबकं घिऊन चढल्या. माइकवर सरांचाच येक चेला हुता, लई गोड बोलणारा. त्यानं हौसालाच पुढं घेतली. म्हणला, "या चिंचोरीच्या हौसाबाई. यांचं बाळंतपण सरांच्या योजनेतलं. ताई, सांगा बघू सगळ्यांना, तुम्हाला मुलं किती?"

"दोन," हौसा म्हणाली.

चेल्यानं सरांकडं बघितलं. सर हळूच म्हणालं, "एक. मुलगी."

"दोन, सर," हौसा म्हणाली. तिचा आवाज हालला न्हाय. "थोरला हरणेवाडीत झाला. पाचवी झाली आन् गेला. तुमी आल्तासा दारात. त्याला हरणेवाडीत बी धरला न्हाईसा आन् चिंचोरीत बी धरला न्हाईसा. आज हितं एवढी शिकल्याली माणसं बसल्यात, तेंच्या म्होरं येकदा मोजा की त्याला. मग ववाळतो मी तुमास्नी."

सर उठलं. चेल्याच्या हातातनं माइक घेतला. मला, खरं सांगतो, वाटलं, आता म्हणतील. दोन शबुद तर हुते. तेंचं ओठ हललं. माइक खरखरला.

"हौसा," सर म्हणालं, "त्या वेळच्या पद्धतीत, बाळ, माहेरची बाळंतपणं..."

हौसानं सगळं ऐकून घितलं. सरांचं बोलणं संपलं तवा तिनं पेटत्या निरांजनाचं तबक टेबलावर ठेवलं.

"म्हंजे आज बी न्हाय," ती म्हणाली, आन् पदर सावरत खाली उतरली.